तळसूरच्या सड्याचे दोन आकडे

दाबके सर पोह्यांवर लिंबू पिळत होते, तेव्हा मी तो जाडजूड अहवाल त्यांच्या बशीशेजारी आपटला. कपातला चहा हिंदकळून टेबलावर सांडला. कोपऱ्यात बसलेला आमचा ड्रायव्हर मान वर करून बघायला लागला.

"पान सत्त्याऐंशी," मी म्हटलं. "हे काय आहे?"

सरांनी लिंबाची फोड बाजूला ठेवली, रुमालाने एकेक बोट पुसलं, मग चष्मा लावून पान काढलं. घाई ही गोष्ट त्यांच्या अंगातच नव्हती.

"भूदृश्याची गुंतागुंत," त्यांनी वाचलं. "निर्देशांक पॉइंट चौदा. वर्ग, एकसुरी. मोजणी, डॉ. नलिनी वाघचौरे. नाव चुकीचं छापलंय का?"

"माझा आकडा पॉइंट एकाहत्तर होता."

"बस. तुलाही पोहे सांगतो."

"मी उभीच बरी आहे."

ही गोष्ट अठरा वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातली. दक्षिण कोकणातल्या तळसूर गावात त्या दिवशी अकरा वाजता जनसुनावणी होती, आणि आम्ही आदल्या संध्याकाळी पुण्याहून येऊन तालुक्याच्या विश्रामगृहावर उतरलो होतो. एका कंपनीला तळसूरच्या सड्यावर बंदराचा माल साठवायचं आवार करायचं होतं. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं जांभ्या दगडाचं सपाट पठार. उन्हाळ्यात बघितलं तर नुसता करपलेला तवा. तिथे काय आहे, आणि आवार झालं तर त्यातलं काय जाईल, हे सांगायचं काम दाबके सरांच्या संस्थेकडे आलं होतं. त्यातलं एक प्रकरण माझं होतं.

माझं काम समजायला अवघड नाही. नकाशावर चौकोनांची जाळी टाकायची. प्रत्येक चौकोनात काय आहे ते लिहायचं, गवत, झाडी, कातळ, पाणी की शेत. मग शेजारशेजारचे चौकोन एकमेकांपेक्षा किती वेगळे आहेत ते मोजायचं. सगळे सारखेच निघाले तर आकडा शून्याकडे जातो, पावलापावलाला जमीन बदलत असली तर एकाकडे. हे गणित मी पीएच.डी.साठी बसवलं होतं आणि माझे मार्गदर्शक दाबके सरच होते. पॉइंट वीसच्या खाली आकडा आला की जागा एकसुरी धरायची आणि तिथल्या पाण्याचा वेगळा अभ्यास सुचवायचा नाही, असा आमच्या संस्थेचा शिरस्ता होता. म्हणजे पान सत्त्याऐंशीवरच्या त्या एका ओळीने तळसूरच्या पाण्याचा प्रश्नच मिटवून टाकला होता, आणि ओळीखाली माझं नाव होतं.

"मी एक अक्षर खोटं लिहिलेलं नाही," सर म्हणाले. "गणित तुझंच आहे. तू पाच मीटरचा चौकोन घेतलास, मी पन्नासचा घेतला. तू पावसाळ्यात पायी फिरून मोजलंस, मी मार्चमधलं उपग्रहाचं चित्र घेतलं. बाकी सूत्र जसंच्या तसं."

"पन्नास मीटरच्या चौकोनात डबकं दिसतच नाही."

"नाही दिसत. आणि पाच मीटरच्या चौकोनात बेडूक दिसत नाही. मग तू एक मीटर का नाही घेतलास? एक वीत का नाही?"

मी खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"तुझ्या प्रबंधातलं तिसरं प्रकरण," सर पुढे म्हणाले. "'चौकोनाचा एकच योग्य आकार असा नसतो, तो संशोधकाने निवडायचा असतो.' हे वाक्य माझं नाही, नलिनी."

"मला विचारलं का नाहीत?"

"तू भावाच्या लग्नाला गावी होतीस. आणि विचारलं असतं तर हो म्हणाली असतीस का?"

त्यांचा आवाज चढला असता, ते खोटं बोलले असते, टाळाटाळ केली असती तर मला भांडता आलं असतं. ते तसं काहीच करत नव्हते. पोह्यांतला एकेक शेंगदाणा चमच्याने बाजूला सारत होते, कारण त्यांना दाढेचा त्रास होता.

"मी सुनावणीत बोलणार आहे," मी म्हटलं.

"जरूर बोल. जनसुनावणी त्यासाठीच असते. पहिल्या रांगेत माझ्या शेजारची खुर्ची तुझ्यासाठी ठेवतो."

मी अहवाल उचलला आणि बाहेर पडले. नाक्यावर कोंडवाडीकडे जाणारी वडापची जीप उभी होती, तिच्यात बसले. अहवाल मांडीवर आपटला. शेजारच्या बाईने माझ्याकडे बघून आपली टोपली पायाशी ओढून घेतली.

कोंडवाडी सड्याच्या उतरणीवरची, तीसेक घरांची. तिथल्या सुभद्रा गोताडबरोबर मी वर्षभर सडा पालथा घातला होता. पहिल्या दिवशी ती गवताचा भारा डोक्यावर घेऊन चालली होती. मला कातळावर फीत ताणताना बघून थांबली.

"काय गो बाय, काय मोजतंस?"

"इथे काय काय आहे ते मोजतेय."

"एकटी?" ती म्हणाली. "जन्म जाईल तुजा."

दुसऱ्या दिवसापासून फितीचं दुसरं टोक तिच्या हातात होतं. पन्नाशीची, काटक बाई. नवरा मुंबईत गिरणीत होता तो तिकडेच गेला, मागे दोन मुली तिने वाढवल्या. मला ती कायम 'बाय' म्हणायची, एकेरीत बोलायची, आणि माझी वही बघून हसायची. ज्या कातळाला मी एक शब्द लिहीत होते त्याचे तिच्याकडे दोन प्रकार होते. एक पिणारा, एक न पिणारा. ती टाच आपटून दाखवायची. पिणाऱ्या कातळावर आवाज पोकळ यायचा.

"पावसात ह्यो पितो," ती सांगायची, "आनि मे म्हैन्यात खाली आमाला पाजतो. आमचे तीन झरे हायत ते ह्याचेच."

जुलैत त्या पठारावर शेकडो डबकी भरली. सप्टेंबरात दगडावर बोटभर मातीत सीतेची आसवं निळी जांभळी फुलली, खोलगट जागी वरी उभी राहिली. जानेवारीत सगळं वाळलं, पण पिणाऱ्या कातळाभोवती गवत हिरवंच होतं. आम्ही बारा पट्टे आखून घेतले आणि तिन्ही वेळा चालून काढले. सुभद्राने टाच आपटून दाखवलेल्या शेहेचाळीस जागा मी नकाशावर लाल ठिपक्यांनी मांडल्या. पावसाळ्यातल्या मोजणीवरून पॉइंट एकाहत्तर हा आकडा आला तेव्हा मी तिला सांगितलं होतं. शंभरातले एकाहत्तर समजून ती खूश झाली होती. मीही दुरुस्त केलं नाही.

त्या सकाळी मी पोचले तर सुभद्राच्या अंगणात वाडीतल्या वीसेक बाया जमल्या होत्या. सगळ्यांनी ठेवणीतली लुगडी नेसलेली. सुभद्रा ओटीवर बसून एक चिठ्ठी पाठ करत होती. सुनावणीत बोलायला वाडीतर्फे तिचं नाव दिलं होतं. गावाकडून बोलणारे पुष्कळ होते, पण कोंडवाडीला एकच पाळी मिळाली होती.

"आलीस बाय," ती म्हणाली. "बस. मी बोलतंय ते ऐक आनि चुकलं तर सांग."

"आधी हे ऐका," मी म्हटलं आणि सगळं सांगितलं. आकडा बदललाय, पाण्याचा अभ्यास होणार नाही, अहवालात झऱ्यांचा उल्लेखसुद्धा नाही.

बाया पुढे सरकून बसल्या. मग एकीने विचारलं, "असा कसा बदललान? तुजाच आकडा ना?"

"माझाच. म्हणून मीच बोलणार आहे. पण मी संस्थेची माणूस, माझं नाव बोलणाऱ्यांच्या यादीत नाही. तुमची पाळी मला द्या."

सुभद्राने चिठ्ठीवरून मान वर केली. "आनि आमी?"

"तुम्ही बोललात तर साहेब ऐकतील आणि लिहून घेतील, 'स्थानिकांची भीती'. असंच लिहितात. आकड्याला आकड्यानेच उत्तर द्यावं लागतं. मी शास्त्राचं बोलले तर त्यांना टाळता येणार नाही."

मी हे अगदी मनापासून म्हणत होते. आणि रागात होते. रागात माणसाला आपलं म्हणणं फार भक्कम वाटतं.

बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. एक म्हातारी पुटपुटली, "सुबद्राच बोलूं दे की." पण सुभद्राने चिठ्ठीची घडी केली.

"तिनं वरीस काढलान सड्यावर," ती म्हणाली. "शिकलेली हाय. तिचं बोलनं सायबाला कळंल." मग मला म्हणाली, "बोल तू. माज्या जागी बोल."

मंडप शाळेच्या मैदानात घातला होता. वर पत्रे, खाली सतरंज्या, पुढे खुर्च्या. दहा वाजताच पत्र्यांतून धग उतरायला लागली होती. व्यासपीठावर अपर जिल्हाधिकारी बाई होत्या, चाळिशीच्या, शांत चेहऱ्याच्या. त्या प्रत्येकाला पूर्ण बोलू देत होत्या आणि मध्येच कुणी ओरडलं तर हात वर करून थांबवत होत्या. शेजारी कारकून लिहून घेत होता. मी हे मुद्दाम सांगतेय. त्या बाई कुणाच्या खिशातल्या नव्हत्या. त्यांना खरंच समजून घ्यायचं होतं.

सरांनी पडद्यावर चित्रं दाखवली. मार्चमधला सडा वरून एकाच रंगाचा दिसत होता. "पॉइंट चौदा," ते म्हणाले, आणि पुढच्या चित्राकडे वळले. मग कंपनीचा माणूस रोजगाराबद्दल बोलला. गावातले चारसहा जण बोलले, काही बाजूने, काही विरोधात. मग कारकुनाने पुकारलं, "कोंडवाडी. सुभद्रा गोताड."

सुभद्रा उठली आणि म्हणाली, "माज्या जागी ही बोलंल."

मी माइकपाशी गेले. सर पहिल्या रांगेत होते, बरोबर माझ्या समोर. शेजारची खुर्ची त्यांनी खरोखरच रिकामी ठेवली होती.

"मी डॉ. नलिनी वाघचौरे," मी म्हटलं. "अहवालातल्या मोजणीखाली माझं नाव आहे. तो आकडा मी दिलेला नाही. माझा आकडा पॉइंट एकाहत्तर आहे."

मागून टाळ्या पडल्या. बायांनी वाजवल्या. अधिकारी बाईंनी हात वर केला.

"म्हणजे अहवालातला आकडा बदललाय?"

"हो."

"कसा बदलला ते सांगाल?"

मी सांगितलं. चौकोन, पाच मीटर, पन्नास मीटर, पावसाळा, मार्च. बाई लक्ष देऊन ऐकत होत्या, मधूनच वहीत टिपून घेत होत्या. माझं झाल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं.

"मॅडम, मला तुमचं शास्त्र कळत नाही. मला साध्या शब्दांत सांगा. डॉक्टर दाबके यांनी दिलेला आकडा खोटा आहे का?"

"खोटा नाही," मी म्हटलं.

"गणितात चूक आहे?"

"गणित बरोबर आहे."

"मग तुमचा आकडा?"

"तोही बरोबर आहे."

"म्हणजे दोन्ही बरोबर."

"हो. शास्त्रीयदृष्ट्या दोन्ही आकडे बरोबर आहेत. ते चौकोनाच्या आकारावर अवलंबून असतं."

मागच्या खुर्च्यांमधून हसण्याची एक लाट पुढे आली. कुणीतरी म्हणालं, "मग भांडण कसलं?" बाईंनी परत हात वर केला आणि मला विचारलं, "आणखी काही सांगायचंय?"

मला सांगायचंच होतं. मी मापनाच्या पातळीबद्दल बोलायला लागले. एकच जागा लांबून सोपी आणि जवळून गुंतागुंतीची का दिसते, जगभर यावर काय वाद आहेत, कोणता आकार कधी घेतात. सात-आठ मिनिटं बोलले असेन. पत्रे तापले होते. लोक वहीच्या पुठ्ठ्यांनी वारा घेत होते. कारकुनाने लिहायचं थांबवलं होतं. मी थांबले तेव्हा बाईंनी आभार मानले आणि कारकुनाला माझ्यादेखत सांगितलं, "घ्या. तज्ज्ञांच्या मते दोन्ही आकडे शास्त्रीयदृष्ट्या बरोबर आहेत." मग पुढचं नाव पुकारलं गेलं.

मी खाली उतरले. रिकाम्या खुर्चीत बसले नाही. मंडपाच्या कडेला उभी राहिले. सुनावणी संपेपर्यंत कोंडवाडीच्या बायांपैकी एकीनेही माझ्याकडे बघितलं नाही.

बाहेर शाळेच्या फाटकाशी सुभद्रा दिसली. मी जवळ गेले.

"सुभद्राताई, मी लेखी हरकत देणार आहे. अजून तीस दिवस आहेत."

तिने पदर खांद्यावरून ओढून घेतला. "म्याडम," ती म्हणाली, "तुमची गाडी तिकडं उभी हाय."

वर्षभरात तिने मला पहिल्यांदाच अहो-जाहो केलं. एवढं बोलून ती बायांच्या घोळक्यात शिरली आणि सगळ्या उन्हातून वाडीकडे चालायला लागल्या.

गाडीपाशी सर उभे होते. त्यांनी माझ्यासाठी दार उघडून धरलं.

"आज मला तुझा अभिमान वाटला," ते म्हणाले. "एवढ्या रागात असूनही तू शास्त्राशी इमान राखलंस. दुसरं कुणी असतं तर माझ्यावर खोटेपणाचा आरोप करून मोकळं झालं असतं."

त्यांनी हे कुत्सितपणे म्हटलं असतं तर मी त्यांच्या थोबाडीत मारली असती, इतका संताप माझ्या डोक्यात होता. पण ते मनापासून म्हणत होते. मी हातातला अहवाल त्यांच्या छातीवर फेकला. पानं सुटून मातीत पडली. ते वाकून गोळा करायला लागले आणि मी चालत हायवेला जाऊन पुण्याची एसटी धरली. दुसऱ्या दिवशी राजीनामा पाठवला.

पुढे जे व्हायचं ते झालं. मी हरकतीचं अकरा पानी पत्र दिलं. त्याला पोच आली, उत्तर आलं नाही. आठ महिन्यांनी मंजुरी आली आणि तिच्यात माझंच वाक्य होतं, दोन्ही आकडे शास्त्रीयदृष्ट्या बरोबर असल्याचे तज्ज्ञांनी मान्य केले आहे. सड्याचा उत्तरेकडचा अर्धा भाग भराव टाकून सपाट केला. माझ्या शेहेचाळीस ठिपक्यांतले एकतीस त्याखाली गेले. तिसऱ्या उन्हाळ्यात कोंडवाडीचे दोन झरे आटले. तिसरा होळीपर्यंत टिकतो, असं ऐकून होते.

मी एका कॉलेजात शिकवायला लागले. दाबके सर पुढे मोठमोठ्या समित्यांवर गेले. ते ज्या परिषदेला असत तिथे मी जात नसे. कुठे गाठ पडलीच तर तोंड फिरवून निघून जायची. त्यांच्या पद्धतीविरुद्ध मी लेख लिहिले, आणि दरवर्षी नव्या मुलांना तळसूरची गोष्ट सांगितली. त्या गोष्टीत सर पोहे खात असत, शेंगदाणे बाजूला काढत असत, आणि आकडा बदलत असत. मुलं चिडायची. मीही दरवर्षी नव्याने चिडायची. सांगून सांगून ती गोष्ट इतकी गुळगुळीत झाली होती की सुनावणीचा भाग त्यात दोन वाक्यांत उरकायचा.

गेल्या जानेवारीत सर वारले. संस्थेने त्यांच्यावर अंक काढायचं ठरवलं आणि कुणीतरी माझ्याकडेही लेख मागितला, बहुधा आमचं वैर माहीत नसल्यामुळे. मी हो म्हटलं. एकदाचं सगळं छापून टाकायचं, मेला तरी माणूस सोडायचा नाही, अशा आवेशात लिहायला बसले. पोह्यांचा प्रसंग भराभर लिहून झाला. मग सुनावणी आली. प्रश्न आणि उत्तरं, जशी झाली तशी एकाखाली एक लिहून काढली. लिहून झाल्यावर वाचली. त्या सबंध पानावर सरांचं एकही वाक्य नव्हतं. ते नुसते समोर बसलेले होते.

तो लेख मी पुरा केला नाही. मे महिन्यात तळसूरला गेले.

सुभद्रा आता सत्तरीच्या आसपास. अंगणात कोकमाची सालं वाळत घातली होती आणि सुभद्रा ती परतत बसली होती. केस सगळे पांढरे, हात तसेच काटक. ओट्याच्या कडेला प्लॅस्टिकची निळी पिंपं ओळीने मांडलेली होती. दुपारी टँकर येणार होता. तिने मला लगेच ओळखलं.

"म्याडम," ती म्हणाली. "बसा."

मी बसले. ती आत गेली नाही, पाणी विचारलं नाही. सालं परतत राहिली.

"मी माफी मागायला आलेय," मी म्हटलं.

"कसली?"

"त्या दिवसाची. दाबके सरांनी जे केलं..."

"त्यो मानूस आमचा न्हवता," ती म्हणाली. "त्यानं त्याचं काम केलान आनि ग्येला. माजा राग त्याच्यावर कदीच न्हवता."

"माझा होता. अठरा वर्षं."

"बरं झालं तुमचं. धरायला कायतरी गावलं."

अंगणात कोकमाचा आंबट वास भरला होता. ती हात थांबवून पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघायला लागली.

"येक सांगा," ती म्हणाली. "त्या बायसायबानं तुमाला इचारलान, सरांचा आकडा खोटा हाय काय. तुमी न्हाय म्हटलाव. का?"

"कारण तो खोटा नव्हता."

"ता म्हायती हाय. तुमी का म्हटलाव ता इचारतंय."

या प्रश्नाचं उत्तर मी कुणालाच दिलं नव्हतं. नवऱ्याला नाही, मुलांना नाही, स्वतःलाही नाही.

"सर समोर बसले होते," मी म्हटलं. "मी उत्तर दिलं की मान डोलवत होते. माझ्या पीएच.डी.च्या तोंडी परीक्षेत डोलवली होती तशी. खोटा नाही म्हटलं, त्यांनी मान डोलवली. गणित बरोबर आहे म्हटलं, परत डोलवली. मला बरं वाटत होतं. तुमच्यासाठी उभी होते, पण तेव्हा तुम्ही कुणी डोक्यातच नव्हतात. माझी उत्तरं बरोबर येतायत, एवढंच कळत होतं."

सालांचा एक ढीग सुभद्राने दोन्ही हातांनी पसरला, त्यातलं एक काळं पडलेलं साल उचलून कुंपणापलीकडे फेकलं.

"आनि बोलायचं काय व्हतं?" तिने विचारलं.

"म्हणजे?"

"बायसायबानं इचारलान, तवा काय बोलायला पायजे व्हतं? आता बोला. मी ऐकतंय."

मी उठून उभी राहिले. का कोण जाणे, बसून बोलवेना.

"बाई, चौदा हा आकडा मार्चमधल्या दगडाचा आहे. तुम्हाला पाण्याचं काय होईल ते विचारायचं असेल, तर तो आकडा चुकीचा आहे. या सड्यावर भराव टाकलात तर कोंडवाडीचे झरे आटतील."

वाडीच्या वळणावर टँकरचा हॉर्न वाजला. शेजारच्या घरातून बाया हंडे घेऊन बाहेर पडायला लागल्या. सुभद्रा गुडघ्यावर हात टेकून उठली आणि पहिलं पिंप तिरकं करून रस्त्याच्या कडेला लोटायला लागली.

"इतकंच व्हतं?" तिने माझ्याकडे न बघता विचारलं.

"इतकंच."

"ह्ये तर मी पन बोलली असती," ती म्हणाली.

मी दुसऱ्या पिंपाला हात घातला. तिने ते माझ्या हातून काढून घेतलं.